बटणं दाबणाऱ्या बोटांविषयी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण यंत्रांवरच्या संगीताविषयी जो लेख छापला, तो मी दोनदा वाचला. लेखाचा एकूण सूर असा, की इलेक्ट्रॉनिक पॉप म्हणजे बटण दाबायचं आणि गाणं बाहेर काढायचं. त्यात ना रियाज, ना जीव. उदाहरणादाखल डिपेश मोड या इंग्लिश बँडचं नाव घेऊन त्यांच्या पहिल्या अल्बमची, म्हणजे 'स्पीक अँड स्पेल'ची, दोन वाक्यांत वासलात लावली आहे. पोरकट गाणी, बँडमधल्या, पुढे मोठ्या झालेल्या मार्टिन गोरची उमेदवारी, एवढंच. यातली एक गोष्ट माहितीच्या दृष्टीने सरळ चूक आहे, ती दुरुस्त व्हावी. दुसरी, रियाज आणि जीव नसल्याची, मला मनाला लागली. पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कापावं लागलं तर कापा, पण दुरुस्तीचा भाग तेवढा ठेवा.

आधी दुरुस्ती. हा अल्बम ऑक्टोबर १९८१ मध्ये म्यूट रेकॉर्ड्स या लंडनच्या छोट्या कंपनीने काढला. इंग्लंडमधल्या आवृत्तीत अकरा रचना आहेत. त्यातल्या नऊ बँडमधल्याच व्हिन्स क्लार्कच्या आहेत. मार्टिन गोरच्या फक्त दोन, 'तोरा! तोरा! तोरा!' आणि 'बिग मफ', आणि त्यातही 'बिग मफ'ला शब्द नाहीत, नुसती वाजवलेली रचना आहे. म्हणजे हा अल्बम गोरची उमेदवारी नाही, तो क्लार्कचा अल्बम आहे. तो प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस क्लार्क बँड सोडून गेला. प्रसिद्धी, मुलाखती, दौरे हे सगळं त्याला नकोसं झालं होतं. पुढच्या चाळीस वर्षांत डिपेश मोडने जे केलं ते मुख्यतः गोरच्या गाण्यांवर केलं, आणि ते फार मोठं काम आहे. पण त्या कामाच्या फूटपट्टीने हा पहिला अल्बम मोजायचा म्हणजे दुसऱ्याच्याच पोराची उंची मोजून याला बुटका ठरवण्यासारखं आहे.

आता मी हे का सांगतोय ते.

मी डोंबिवलीचा. एका सहकारी बँकेत कारकून म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. १९८२ साली मी एकवीस वर्षांचा होतो. दिवसा बँकेत लेजर लिहायचं आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवायचा, असे माझे दिवस होते. हळदी, बारसं, गणपती, नवरात्र, बोलावतील तिथे जायचं. माझा थोरला भाऊ व्यापारी जहाजावर इंजिनरूममध्ये होता. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तो घरी आला, तेव्हा बॅगेतून माझ्यासाठी एक कॅसेट निघाली, याच अल्बमची. परवा मी त्याला गुहागरला फोन करून मुद्दाम विचारलं, कुठे घेतली होतीस रे. हल्ली त्याला ऐकू कमी येतं, तीनदा ओरडून विचारावं लागलं. पण उत्तर त्याने एका दमात दिलं. "टिलबरी! मला अबा बँडची हवी होती. ती संपली होती. पोरगा म्हणाला ही घ्या, इथल्याच पोरांची आहे."

इथल्याच पोरांची. तेव्हा त्या शब्दांचा अर्थ ना दादाला कळला होता, ना मला. टिलबरी हे थेम्सच्या काठचं, एसेक्स परगण्यातलं बंदर. तिथून पंधरा किलोमीटरच्या आसपास बॅसिल्डन नावाचं गाव आहे आणि डिपेश मोडमधले चौघे त्या बॅसिल्डनचे. गाव म्हणायचं, पण जुनं नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या पूर्वेकडच्या, बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या वस्तीतल्या माणसांना घरं द्यायला सरकारने नवी शहरं वसवायची ठरवली. १९४९ मध्ये बॅसिल्डनची त्यासाठी निवड झाली. फोर्डचा ट्रॅक्टरचा कारखाना, सारख्या दिसणाऱ्या घरांच्या रांगा, आणि संध्याकाळी पोरांना करण्यासारखं फारसं काही नाही. क्लार्क आणि अँडी फ्लेचर तिथल्या चर्चमध्ये आणि बॉइज ब्रिगेड या मुलांच्या ख्रिस्ती संघटनेत वाढलेले. गोर बँकेत नोकरीला होता. हे मला कळलं तेव्हा मी चाळिशीत होतो, आणि खरं सांगतो, मला भरून आलं. फ्लेचर विमा कंपनीत होता. चौथा डेव्ह गान, तो साउथएंडच्या कॉलेजात दुकानांच्या शोकेसची सजावट शिकत होता. कुठल्याशा तालमीच्या खोलीत त्याला एक गाणं म्हणताना क्लार्कने ऐकलं आणि बँडमध्ये घेतलं. अल्बम आला तेव्हा क्लार्क एकवीस वर्षांचा, गोर आणि फ्लेचर वीसचे आणि गान एकोणीसचा.

कॅसेटच्या कव्हरवर एक हंस होता. पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला हंस. ब्रायन ग्रिफिन या छायाचित्रकाराने काढलेला तो फोटो आहे. आमच्या घरात भिंतीवर सरस्वतीचं कॅलेंडर होतं, तिच्या पायाशीही हंसच. आजीने कॅसेट हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि विचारलं, "अरे, याला श्वास कसा घेता येत असेल?" हा प्रश्न मी विसरलेलो नाही. कारण आपल्या लेखकाचा प्रश्नही तोच आहे. इतक्या प्लास्टिकच्या आत जीव कसा राहील?

राहतो. कसा राहतो ते मी बोटांनी शोधलं, म्हणून ठामपणे सांगतो.

पहिलं गाणं 'न्यू लाइफ'. ते मला कॅसिओवर बसवायचं होतं. पंधरा दिवस रोज रात्री जेवणं झाली की टेपरेकॉर्डर गॅलरीत न्यायचा, चार सेकंद ऐकायचं, थांबवायचं, मागे घ्यायचं, पुन्हा ऐकायचं. सूर सगळे सापडले, पण वाजवता येईनात. एक स्वर वाजवून बोट पुढच्यावर जाईपर्यंत कॅसेटमधली ओळ तिसऱ्यावर पोहोचलेली असायची. मला वाटलं माझाच हात कमी पडतोय. आमच्या ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवणारे एक काका होते, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. एका रविवारी ते घरी आले. त्यांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "एक ओळ नाहीये ही. दोन आहेत. एक विचारते, दुसरी उत्तर देते, आणि दोघी एकमेकींच्या फटीत बसल्यात." घरात पेटी होती. त्यांनी पेटीवर खालची ओळ धरली, मी कॅसिओवर वरची धरली, आणि सहाव्या-सातव्या प्रयत्नाला ते जुळलं. भजनात टाळ आणि पखवाज एकमेकांची जागा सोडून बसतात ना, तसं. शेजारची मंडळी दारात येऊन उभी राहिली होती. कुणाला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण पोरं नाचायला लागली.

ते कुणीतरी बसून रचलेलं होतं. कुणीतरी डोकं लावून ठरवलं होतं की इथे ही ओळ गप्प बसेल, म्हणजे तिथे दुसरीला बोलता येईल. त्या दिवसापासून 'बटण दाबलं की वाजतं' हे मी कुणाकडून ऐकून घेत नाही.

माझ्या कॅसिओवर ठेक्याचं बटण होतं, हे मान्य. डिस्को दाबलं की डिस्को, वॉल्ट्झ दाबलं की वॉल्ट्झ. मला तेव्हा वाटायचं की त्यांच्याकडे याहून महागडं बटण असेल. पुढे मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा कळलं की प्रकरण अगदी उलटं होतं. हा अल्बम ज्या स्टुडिओत झाला तो ब्लॅकविंग. लंडनच्या साउथवर्क भागात, युद्धात बॉम्ब पडून मोडलेल्या आणि नंतर उपासनेच्या वापरातून काढून टाकलेल्या एका चर्चच्या इमारतीत तो होता. म्यूटचा मालक डॅनियल मिलर तिथे आपला आर्प २६०० हा सिंथेसायझर, म्हणजे विजेने आवाज घडवणारं वाद्य, घेऊन आला. पोरांकडची वाद्यं साधी, स्वस्तातली, बहुतेक एका वेळी एकच स्वर काढणारी. म्हणजे पेटीवर आपण सहज तीन बोटांनी जो सुरांचा मेळ धरतो, तो तिथे धरताच येत नाही. तिन्ही स्वर वेगवेगळे वाजवून टेपवर एकावर एक चढवायचे.

आर्पमध्ये आवाज साठवून ठेवायची सोयच नाही. नॉब फिरवून, वायरी इकडून तिकडे खोचून आवाज लावायचा. तो टेपवर घेतला आणि नॉब हलला की गेला. उद्या तोच आवाज तंतोतंत परत मिळेल याची हमी नाही. शिवाय ही यंत्रं तापली की सुरातून सरकतात. मैफलीत गवई मधेच थांबून तंबोरा पुन्हा लावून घेतो, तसं त्यांनाही करावं लागायचं. ढोलाचे ठोकेदेखील बरेचसे या आर्पमधूनच काढलेले. रेडिओचं स्टेशन सुटल्यावर जी खरखर येते ना, तसलीच खरखर यंत्रातून काढायची, ती चाळून घ्यायची आणि क्षणात तोडायची. तोडलेला तुकडा म्हणजे एक थाप. मिलरकडे आर्पचाच एक सीक्वेन्सर होता, म्हणजे लावून दिलेले स्वर क्रमाने वाजवणारा डबा. त्यात सोळा सरकत्या पट्ट्या, एकेक पट्टी म्हणजे एकेक स्वर. सोळा झाले की पुन्हा पहिल्यापासून. तोवर सगळं हातानेच वाजवणाऱ्या क्लार्कला त्या डब्याने वेड लावलं म्हणतात. यात आश्चर्य काय? आपल्या तबलजीला सोळा मात्रांत किती जग मावतं ते विचारा.

सबंध अल्बमभर खरा ड्रम वाजत नाही आणि गिटार ऐकू येत नाही. एका रचनेचं नाव तेवढं 'बिग मफ', आणि ते नाव गिटारचा आवाज फाडणाऱ्या एका पेडलचं!

मिलरविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. अशी पोरं भेटायच्या आधीच त्याने त्यांची कल्पना करून ठेवली होती. सिलिकॉन टीन्स नावाचा एक बँड त्याने कागदावर उभा केला होता, नुसते सिंथेसायझर वाजवणारी किशोरवयीन मुलं. प्रत्यक्षात त्या नावाखाली तो स्वतःच सगळं वाजवत होता. १९८० च्या अखेरीस पूर्व लंडनमधल्या कॅनिंग टाउनच्या ब्रिज हाउस या पबमध्ये, दुसऱ्याच्या कार्यक्रमाआधी वाजवायला आलेली ही चार पोरं त्याने पाहिली. कल्पनेतला बँड समोर उभा होता. पुढे त्यांच्यात जो करार झाला तो तोंडी. नफा अर्धा-अर्धा, कागद नाही. कैक वर्षं ते तसंच चाललं. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल, ते मी इथे लिहीत नाही.

फेब्रुवारी १९८१ मध्ये त्यांची पहिली तबकडी आली, तिने इंग्लंडच्या खपाच्या यादीत ५७ वा क्रमांक गाठला. जूनमध्ये 'न्यू लाइफ' आली, ११ वा. सप्टेंबरमध्ये 'जस्ट कान्ट गेट इनफ', ८ वा. अल्बम १० व्या क्रमांकापर्यंत गेला. 'न्यू लाइफ'साठी टीव्हीवर बोलावलं तेव्हा ही मुलं आपले सिंथेसायझर काखेत मारून आगगाडीने लंडनला गेली होती.

आगगाडीने. डोंबिवलीहून संध्याकाळी पाच अठ्ठावन्नची लोकल, हातात कॅसिओ, त्यावर मेणकापडाचं आवरण, आणि दारात उभं राहून ते वाद्य छातीशी धरायचं, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. मला तो प्रवास सांगायला नको.

याच सुमाराची एक आठवण आहे. कल्याणला एका हळदीच्या कार्यक्रमानंतर पैसे वाटप झालं. अकॉर्डियनला पंचाहत्तर, ढोलकीला साठ, मला चाळीस. मी कारण विचारलं. ऑर्केस्ट्राचे मालक म्हणाले, "ते वाजवतात. तू बटणं दाबतोस." सगळ्यांसमोर म्हणाले. काकांनी आपल्यातले दहा रुपये काढून माझ्या खिशात कोंबले, ते मी घेतले नाहीत, पण ते वाक्य मात्र घरी घेऊन आलो. त्या रात्री कॅसेटची दुसरी बाजू लावली. तिच्यावर 'एनी सेकंड नाऊ' म्हणून एक हळू गाणं आहे. ते डेव्ह गान गात नाही, मार्टिन गोर गातो. पातळ, संकोचणारा आवाज, माजघरातून कुणीतरी बोलावं तसा. मागे ठेका जवळजवळ नाहीच, नुसते सूर उमलतात आणि मिटतात. गाणं क्लार्कचं, आवाज बँकेतल्या पोराचा. यंत्राला जीव नसतो असं म्हणणाऱ्याने ते गाणं एकदा अंधारात ऐकावं. मी कितीदा ऐकलं, त्याला मोजदाद नाही. टेप गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची आणि पुन्हा लावायची.

सगळंच उत्तम आहे असा माझा दावा नाही. 'व्हॉट्स युवर नेम' मला तेव्हाही उथळ वाटलं, आजही वाटतं. क्लार्कच्या शब्दांना अर्थापेक्षा नाद जास्त आहे, तेही कबूल. पण 'फोटोग्राफिक' ऐका. त्यात अंधार आहे, भीती आहे, पुढे हा बँड ज्यासाठी जगभर ओळखला गेला तो गंभीरपणा पूर्ण तयार होऊन उभा आहे, आणि ते गोरचं नाही, क्लार्कचंच गाणं आहे. 'आय समटाइम्स विश आय वॉज डेड' हे नाव वाचून कुणाच्याही अंगावर काटा येईल, गाणं मात्र दोन-सव्वादोन मिनिटांचं, उन्हासारखं लख्ख. वीस वर्षांच्या पोराच्या मनात या दोन्ही गोष्टी एकाच दुपारी असतात. पोरकटपणा म्हणून जे हिणवलं जातं, ते मला तरुणपण वाटतं, आणि ते लपवलेलं नाही ही या अल्बमची ताकद वाटते. नंतर हेच लोक अधिक खोल गेले, पण असे हसले नाहीत.

'जस्ट कान्ट गेट इनफ'ची चाल तर एवढी सोपी, की आमच्या सोसायटीतलं चार वर्षांचं पोर ती एका बोटाने वाजवतं. पण तशी सोपी चाल करून दाखवा म्हटलं तर कुणाची हिंमत होणार नाही. स्कॉटलंडमध्ये सेल्टिक या फुटबॉल क्लबचे चाहते स्टेडियममध्ये ती एका सुरात गातात. हजारो माणसं, एकही वाद्य नाही. यंत्रासाठी केलेली चाल यंत्र काढून घेतल्यावरही उभी राहते, याहून मोठा पुरावा मला देता येत नाही.

क्लार्क बाहेर पडला आणि बॅसिल्डनच्याच ॲलिसन मॉये या गायिकेबरोबर त्याने याझू ही जोडी काढली. त्यांचा पहिला अल्बम १९८२ चा, त्याच ब्लॅकविंगमध्ये झालेला, आणि त्याच्या नावात तिथला ध्वनिमुद्रक एरिक रॅडक्लिफ याचंच नाव. पुढे अँडी बेल या गायकाबरोबर इरेझर ही दुसरी जोडी. माणूस तोच आणि यंत्रंही त्याच जातीची, पण एकदा मॉयेचा भरदार, जखमी आवाज, एकदा बेलचा मोकळा. यंत्रच गाणं करत असतं तर ही तीन घराणी वेगळी ओळखू आली असती का? २०२० साली डिपेश मोडचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला तेव्हा क्लार्कचंही नाव त्यात होतं, एका अल्बमच्या बळावर. फ्लेचर २०२२ मध्ये गेला. त्या बातमीला आपल्याकडच्या कुठल्या मराठी वर्तमानपत्रात जागा मिळाली का, हे मी तेव्हा शोधलं होतं. माझ्या घरी येणाऱ्या दोन्ही पेपरांत ती नव्हती.

आणि हे फक्त इंग्लंडचं आहे असंही नाही. १९८२ मध्येच मुंबईत चरणजित सिंग या, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या कलाकाराने रोलंड कंपनीच्या सिंथेसायझर आणि ठेक्याच्या यंत्रांवर दहा राग बसवून एचएमव्हीसाठी तबकडी केली. तेव्हा तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि लोक थक्क झाले. भैरवपासून सगळं त्यात आहे. आपल्या माणसाने आपल्या शहरात केलेलं काम आपल्याला परक्यांनी सांगावं लागलं. बटणं दाबणाऱ्यांना आपण ऐकूनच घेत नाही, त्याचं हे फळ.

हे पत्र मी लिहायला बसलो त्याचं खरं कारण आमच्या वरच्या मजल्यावर राहतं. बारावीतली मुलगी आहे. लॅपटॉपवर गाणी करते, मराठीत. तिच्या आजीच्या ओव्या तिने मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतल्यात आणि त्यांच्याखाली ती स्वतः केलेले सूर लावते. गेल्या रविवारी तिच्या वडिलांनी आपला लेख तिला मोठ्याने वाचून दाखवला. रागाने नाही, काळजीने. "बघ, हे काय लिहिलंय. यात रियाज नसतो. पेटी तरी शीक." संध्याकाळी ती आमच्याकडे आली. काही बोलली नाही, नुसती बसली. मी कपाटातून कॅसेट काढली.

तिने पहिली बाजू डोळे मिटून ऐकली. मग म्हणाली, "काका, हे सगळं किंचित हलतंय. माझ्याकडे एकही सूर हलत नाही. म्हणून माझं मेल्यासारखं वाटतं का?" मी तिला यंत्रं तापण्याचं सांगितलं, तंबोऱ्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी रात्री अकरा वाजता तिने दार वाजवलं. प्रत्येक सूर तिने हाताने, एकेक करून, जरासा सरकवला होता. दोनशे चाळीस सूर, तिने मोजले होते. एका कानाला हेडफोन तिने लावला, एका कानाला मी. आजीच्या ओवीखाली ते सूर श्वास घेत होते.

याला रियाज म्हणत नसतील तर मला तो शब्द नव्याने शिकवावा.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच. एक, नऊ गाणी व्हिन्स क्लार्कची आणि दोन मार्टिन गोरची, ही दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी. दुसरी विनंती लेखकाला आहे. कॅसेट अजून वाजते. डेकचा पट्टा गेल्या दिवाळीत बदलून घेतलाय. अकॉर्डियनवाले काका आता नाहीत, पण पेटी आहे, आणि 'न्यू लाइफ'ची खालची ओळ मला पाठ आहे. रविवारी सकाळी दहानंतर या, आमच्याकडे पाणी तोवर येऊन गेलेलं असतं. वरची ओळ वाजवायला त्या मुलीला बोलावून ठेवतो.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
डोंबिवली (पूर्व)